भिरभिरत्या नादाची कुळकथा

विजेवर वाजणाऱ्या गिटारीची तार छेडावी आणि तिचा स्वर सरळ समोर न येता भोवऱ्यासारखा गरगरत, जवळ येत, दूर जात, पुन्हा वळून कानाशी यावा, हा अनुभव आता नवलाचा राहिलेला नाही. असा नाद काढून देणारी एक लहानशी डबी वादकाच्या पायाशी असते. तळव्याने कळ दाबली की नाद फिरू लागतो, पुन्हा दाबली की स्थिर होतो. हिलाच पेडल म्हणतात. दिल्लीपासून गुवाहाटीपर्यंतच्या सरकारी वसाहतींत आज गिटार शिकणारी मुले पुष्कळ आहेत. आणि फेजर, फ्लँजर, कोरस, युनि-व्हाइब, रोटरी अशा नावांची यादी घेऊन ती केव्हा ना केव्हा वडीलधाऱ्यांसमोर उभी राहतात. यांतले कोणते घ्यावे? दुकानदार किंमत सांगतो, स्वभाव सांगत नाही. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर इतिहासातच शोधावयास हवे. कारण या प्रत्येक डबीत कोणीतरी कोठेतरी ऐकलेली एक निराळी गती साठवलेली आहे.

मुळात स्थिर स्वराला हलविण्याची ही हौस गिटारीहून कितीतरी जुनी आहे. आपल्या संगीतात स्वर क्वचितच जागच्या जागी उभा असतो. मींड, गमक, आंदोलन ही त्याची चालण्याची रीत होय, आणि ती गळ्यातून वा बोटांतून येते. पट्टीच्या वाद्याला हे साधत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत नीटसे उघडले नाही. त्यामागे जे आक्षेप होते, त्यांत ही ताठ उभ्या स्वरांची तक्रार प्रमुख होती. युरोपातील ऑर्गन बांधणाऱ्यांनाही हे वैगुण्य फार पूर्वीच जाणवले होते. त्यांनी नळ्यांत जाणारा वारा थरथरविण्याची योजना केली. किंचित बेसूर अशा दोन नळ्या एकदम वाजवून त्यांच्या झगड्यातून लाट काढली. मराठी रंगभूमीने जी पायपेटी आपलीशी केली, तिच्याच जातीच्या अमेरिकन वाद्यांत तर एक मौजेची सोय असे. स्वरपट्ट्यांजवळ एक पाते बसविलेले असे. खटका ओढला की भात्याच्या ओढीने ते फिरू लागे आणि सूर थरथरत बाहेर पडत. त्या खटक्याचे नाव होते व्हॉक्स ह्युमाना, म्हणजे मानवी कंठ. यंत्राला कंठ हवा होता, आणि तो त्याने भिरभिऱ्याकडून उसना घेतला.

फिरत्या वस्तूतून येणारा आवाज डोलतो का, याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकात स्पष्ट झाले. ध्वनीचे किंवा प्रकाशाचे उगमस्थान जवळ येत असता त्याच्या लहरी दाटतात व दूर जाताना विरळ होतात, हा सिद्धान्त ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ साली मांडला. तीन वर्षांनी बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने उट्रेख्टजवळ आगगाडीवर तुतारीवाले बसवून आणि रुळांच्या कडेला स्वरज्ञानी माणसे उभी करून त्याची प्रचिती घेतली. गाडी येताना सूर चढा, निघून जाताना उतरा. बदलीच्या निमित्ताने ज्यांचे अर्धे आयुष्य फलाटांवर गेले, त्यांना हा सिद्धान्त निराळा शिकवावयास नको.

या सिद्धान्ताला घराच्या दिवाणखान्यात आणून बसविले ते डोनाल्ड लेस्ली या कॅलिफोर्नियातील तंत्रज्ञाने. लॉरेन्स हॅमंड याचा विजेवर चालणारा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला होता. चित्रपटगृहातील प्रचंड नळ्यांच्या ऑर्गनचा थाट घरी मिळेल, अशा आशेने लेस्लीने तो घेतला. पण लहान खोलीत तो स्वर त्याला कोरडा व निश्चल वाटला. मग त्याने आवाज स्थिर ध्वनिक्षेपकातून न सोडता फिरत्या तोंडातून सोडला. १९४० च्या सुमारास सिद्ध झालेल्या या पेटीचे तत्त्व अखेरपर्यंत तेच राहिले. वरच्या भागात उंच सुरांसाठी फिरणारा कर्णा आणि खालच्या भागात खर्जासाठी फिरणारे पिंप. कर्ण्याला तोंडे दोन दिसतात, परंतु त्यांतील एक मुके असते. केवळ तोल राखण्यासाठी ते बसविलेले. गती दोन, एक संथ आणि एक वेगवान. एका गतीतून दुसरीत जाताना हलका कर्णा चटकन वेग घेतो, जड पिंप रेंगाळत मागून येते. आणि या संक्रमणातच त्या पेटीचे सारे सौंदर्य आहे.

लेस्लीने आपली पेटी हॅमंडला दाखविली. हॅमंडने ती नाकारली. पुढे वादकांनी मात्र हॅमंडचा ऑर्गन आणि लेस्लीची पेटी यांची अशी काही गाठ मारली की एकावाचून दुसऱ्याचा विचार करणे कठीण झाले. लेस्लीने आपला उद्योग १९६५ साली सीबीएस या कंपनीला विकला, आणि १९८० साली खुद्द हॅमंड कंपनीनेच तो विकत घेतला. नाकारलेल्या वस्तूसाठी चाळीस वर्षांनी पैसे मोजावे लागले! तोवर लॉरेन्स हॅमंड हयात नव्हता.

ऑर्गनची ही पेटी गिटारवाल्यांच्या हाती पडली ती १९६० नंतरच्या दशकात. १९६६ साली बीटल्स मंडळी लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गीत मुद्रित करीत होती. आपला आवाज पर्वतशिखरावरून मंत्रपठण करणाऱ्या दलाई लामांसारखा यावा, अशी जॉन लेननची इच्छा होती. जेफ एमरिक या तरुण तंत्रज्ञाने त्याचा आवाज लेस्लीच्या पेटीतून फिरवून घेतला. हिमालयाचा भास लाकडी कपाटातून निघाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९६७ साली फेंडर कंपनीने गिटारीसाठी फिरता ध्वनिक्षेपक काढला. परंतु साडेतीन फुटांचे कपाट काय किंवा त्याचा धाकटा भाऊ काय, गावोगाव हिंडणाऱ्या वादकाला ते ओझेच. पायाशी मावेल अशा डबीची निकड येथे उत्पन्न झाली.

या निकडीचे पहिले प्रसिद्ध उत्तर जपानातून आले. शिन-एई या कंपनीसाठी फुमिओ मिएडा या अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस युनि-व्हाइब घडविले. अमेरिकेत ते लेस्लीच्या पेटीची स्वस्त नक्कल म्हणून ओळखले गेले. खुद्द मिएडाने मात्र पुढे निराळीच हकिकत सांगितली. मॉस्को रेडिओचे प्रक्षेपण दुरून ऐकताना वातावरणामुळे त्याचा आवाज जसा विरत, वळत, पुन्हा उमलत येई, ते रूप त्याच्या मनात होते. परमुलखात रात्री शॉर्टवेव्हची सुई हलवीत दूरच्या केंद्राची वाट पाहिलेल्या पिढीला त्याचे म्हणणे लगेच समजेल. सूर बुडतो, तरंगतो, आणि प्रत्येक वेळी किंचित वेगळ्या रंगाने परततो. ज्याला सारे जग बिघाड मानीत होते, त्यात या माणसाला राग सापडला.

यंत्राची रचनाही तितकीच साधी व चतुर आहे. डबीच्या मध्यभागी एक लहान दिवा उजळतो आणि मंदावतो. त्याच्या भोवती प्रकाशानुसार विद्युत्‌रोध बदलणारे चार घटक असतात. त्यांच्या योगे तारेच्या स्वराची एक प्रत मूळ लहरीच्या मागेपुढे सरकते. दोन्ही प्रती एकत्र आल्या की कोठे शिखराला शिखर मिळते, कोठे शिखराला दरी मिळून स्वराचा तेवढा अंश नाहीसा होतो. दिवा जसा श्वास घेतो, तशी ही पोकळी स्वरपटलावर खालीवर सरकते. जिमी हेंड्रिक्सने १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला ही डबी वापरली, आणि १९७० च्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये वाजविलेल्या ‘मशीन गन’ या रचनेत तिला युद्धाचा कोलाहल बोलावयास लावला. त्यानंतर तिला नक्कल म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

फ्लँजरचे कूळ याहून वेगळे. त्याचा जन्म ध्वनिफितीच्या पोटी झाला. एकच मुद्रण दोन यंत्रांवर एकदम लावावे आणि एका रिळाच्या कडेला बोटाने किंचित अडवावे. दोन्ही प्रती क्षणांशाने एकमेकींपासून फुटतात आणि विमान डोक्यावरून जावे तसा सरसराट उठतो. रिळाच्या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात; नावाची एक उपपत्ती हीच. टोनी फिशर हिच्या १९५९ सालच्या ‘द बिग हर्ट’ या गाण्यात तो ऐकू येतो. स्मॉल फेसेसच्या १९६७ सालच्या ‘इचिकू पार्क’मध्ये तर तो मुद्दाम वापरलेला आहे. ही किमया डबीत भरावयाची तर स्वर काही सहस्रांश सेकंद अडवून धरणारे साधन हवे होते. ते १९६९ साली फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर व टीर यांनी शोधले. आग विझविताना रांगेतील माणसांनी पाण्याची बादली पुढे पुढे द्यावी, तसा विद्युत्‌भार एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकविण्याची ही युक्ती होती.

त्यानंतर जणू डब्यांचा सुकाळ झाला. टॉम ओबरहाइमचा माएस्ट्रो फेजर १९७१ साली आला. १९७४ साली एमएक्सआर कंपनीचा फेज ९० आला; त्याला खुंटी फक्त एक, वेगाची. त्याच वर्षी डेव्हिड कॉकरेलने इलेक्ट्रो-हार्मोनिक्ससाठी स्मॉल स्टोन रचला. १९७६ साली त्याच कंपनीचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस फ्लँजर निघाला आणि जपानच्या रोलंड कंपनीने बॉस या नावाखाली सीई-१ हा कोरस काढला. कोरसमधील विलंब फ्लँजरहून दीर्घ असतो, म्हणून त्यात सरसराट न येता दोघेतिघे एकत्र वाजवीत असल्याचा भास होतो. किंचित बेसूर नळ्यांची ती जुनी जोडी येथे पुन्हा भेटते.

आता निवडीकडे वळू. ज्याला स्वराला केवळ हलका श्वास द्यावयाचा आहे, त्याने चार टप्प्यांचा साधा फेजर घ्यावा. त्यात सरकत्या पोकळ्या दोनच असतात, त्यामुळे तो सुराला झाकीत नाही. आणि एकाच खुंटीचा असल्यास नवशिक्या गोंधळत नाही. फ्लँजरच्या पोकळ्या फणीच्या दात्यांसारख्या असंख्य. तो फाटक्या, खरखरीत आवाजावर खुलतो, म्हणून विरूपण करणाऱ्या डबीच्या पुढे जोडावा. परंतु प्रत्येक गाण्यात लावला तर ऐकणारा कंटाळतो. निर्मळ, मोकळ्या झंकारासाठी कोरस. संथ, खिन्न, रात्रीच्या वादनासाठी युनि-व्हाइबच्या घराण्यातील डबी. तिची गती सरळ नसून अडखळत्या श्वासासारखी आहे, हे दुकानात कानाने पडताळून घ्यावे. आणि लेस्लीची आठवण हवी असेल तर रोटरी. तिची परीक्षा एकच. संथ गतीतून वेगवान गतीत जाताना कर्णा पुढे आणि पिंप मागे राहते की नाही, ते ऐकावे. दोन्ही एकदम धावत असतील तर ती डबी फिरते खरी, पण तिला वजन नाही. त्यातही एकाच ध्वनिक्षेपकातून खोलीभर हिंडणारा नाद कोणतीही डबी देऊ शकत नाही. त्यासाठी दोन बाहेरवाटा आणि दोन ध्वनिक्षेपक लागतात, हा खर्च आधीच मनाशी धरावा.

वादक मंडळींत अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हा वाद मोठ्या आवेशाने चालतो. आम्हांस तो व्यर्थ वाटतो. लेस्लीला नळ्यांचा ऑर्गन हवा होता, तो मिळाला नाही. मिएडाच्या कानी दूरचे नभोवाणी केंद्र होते, ते डबीत आले नाही. बोटाने रीळ अडविणाऱ्यांचा सरसराटही डबीत जसाच्या तसा उतरला नाही. प्रत्येकाच्या हातून मूळ वस्तू निसटली आणि तिच्या जागी दुसरीच जन्मली. पुढच्या पिढीने त्या दुसरीलाच मूळ मानले. आपल्या मुलखापासून दूर राहून तिथली गाणी, तिथले सण मांडणाऱ्या आम्हां लोकांना याची थोडीफार ओळख असावयास हवी. विकत घेणाऱ्याने म्हणून एवढेच करावे: डबीवरचे नाव न वाचता आपल्या हातची गिटार तिला जोडावी, वेगाची खुंटी अगदी खाली आणावी, आणि एकच सूर पुरता विझेपर्यंत ऐकावा. बोटाने दिलेले आंदोलन त्या फेऱ्यात स्पष्ट उरत असेल तर पैसे द्यावेत. बुडून जात असेल तर पुढची डबी मागावी.