चाळीस यार्ड आणि अर्धं पाऊल

अमेरिकी फुटबॉलमध्ये खेळाडू हेरून संघाला सुचवणाऱ्याला स्काउट म्हणतात, आणि स्काउट मंडळींचा एक वाद त्यांच्या धंद्याइतकाच जुना आहे: शरीर बघायचं की समज? शरीराला ते ॲथलेटिसिझम म्हणतात. वेग, उडी, ताकद, चटकन वळणं हे सगळं त्यात येतं आणि ते सगळं मोजता येतं. समजेला ते इन्स्टिंक्ट म्हणतात. ती मोजता येत नाही, म्हणून तिला उपजत म्हणून मोकळं होण्याची सोय आहे. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जाणाऱ्यांबाबत हा वाद फार ताणला जात नाही, कारण त्यांच्याकडे बहुधा दोन्ही असतं. तो पेटतो ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेल्या, ‘अनड्राफ्टेड’ पोरांवरून. या पोरांचा इतिहास चाळला तर समजेचं पारडं जड दिसतं, पण समज शरीरापेक्षा श्रेष्ठ असते म्हणून नव्हे. शरीराची किंमत बाजाराने आधीच लावून टाकलेली असते. उरलेल्या ढिगात मग न मोजलेलं तेवढंच शोधण्यासारखं राहतं.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची संघांत वाटणी. आयपीएलसारखी बोली तिथे नसते. आदल्या मोसमात सर्वांत वाईट खेळलेला संघ आधी उचलतो. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. त्यांचा संघ सारखा हरायचा आणि चांगली पोरं श्रीमंत संघांकडे जायची, तेव्हा कल्पनेत स्वार्थ होताच. फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. ९ संघ, ९ फेऱ्या, ८१ नावं. पगारी स्काउट तेव्हा कुणाकडेच नव्हते. वर्तमानपत्रांतली वर्णनं आणि ऐकीव माहिती यांवर फळ्यावरची यादी उभी राहिली. पहिला निवडलेला गडी, शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर, व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. पुढे फेऱ्या वाढत ३० पर्यंत गेल्या, मग घटत १९७७ मध्ये १२ आणि १९९४ पासून ७ झाल्या. ‘अनड्राफ्टेड’ हा शिक्का त्यामुळे दर काळात वेगळ्या वजनाचा आहे. १९५२ मध्ये तो लागला याचा अर्थ ३६० जणांच्या यादीतही तुम्ही नव्हतात. आज सुमारे अडीचशे नावांनंतर फळा पुसला जातो, आणि आजच्या अनड्राफ्टेड पोरांपैकी कित्येक जण जुन्या हिशेबाने आठव्या-दहाव्या फेरीत सहज गेले असते. जुनी आणि नवी उदाहरणं एका तागडीत घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

त्या १९५२ सालीच लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत डिक लेन नावाचा तरुण स्वतःहून शिरला. नेब्रास्कातल्या एका ज्युनिअर कॉलेजात तो थोडं खेळला होता, मग चार वर्षं सैन्यात होता, आणि आता विमानाच्या कारखान्यात तेलाने माखलेले पत्रे उचलत होता. काखेत एक चिकटवही, तिच्यात आपल्याच सामन्यांची कात्रणं. एवढ्यावर त्याला चाचणीची संधी मिळाली. पास झेलणारा गडी म्हणून तो आला. पण त्या जागेवर रॅम्सकडे नामांकित मंडळी होती, म्हणून त्याला बचावात, कॉर्नरबॅकच्या जागी टाकलं. समोरच्याचे पास मधेच हिसकावण्याला इंटरसेप्शन म्हणतात. लेनने पहिल्याच मोसमात, १२ सामन्यांत, १४ हिसकावले. आज मोसमात सामने जास्त आहेत, पासही कितीतरी जास्त फेकले जातात. तरी तो विक्रम उभाच आहे. लेन काही मंद नव्हता, तो उंच आणि चपळ होता. पण पास झेलायला शिकलेल्या माणसाला पास कुठे पडणार हे बचावात उभं राहूनही दिसत होतं, ही त्या १४ आकड्यातली खरी मेख.

घड्याळ या धंद्यात आणलं ते क्लीव्हलंडचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी, १९४०च्या दशकात. चेंडू उंच लाथाडून तो हवेत असेपर्यंत गड्याला साधारण ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, धावावं लागतं, म्हणून त्यांनी ४० यार्डांची वेळ घ्यायला सुरुवात केली. हिशेब एका विशिष्ट कामापुरता होता. पुढे तो सगळ्यांच्याच गळ्यात पडला. ब्राउन बुद्धीच्या चाचण्याही घेत, हे मात्र कमी आठवलं जातं. १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइजने पुढचं पाऊल टाकलं, आणि त्यात एका भारतीयाचा हात होता. आयबीएमच्या उपकंपनीत काम करणारे सलाम कुरेशी हे भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ. त्यांना क्रिकेट कळायचं, अमेरिकी फुटबॉल नाही, आणि बहुधा म्हणूनच त्यांना धंद्यातली गोम दिसली. दहा स्काउट एकच शब्द दहा अर्थांनी वापरत होते. एकाचा ‘चलाख’ दुसऱ्याच्या ‘बरा’पेक्षा वर की खाली, हे संगणकाला कोण सांगणार? मग ठरावीक विधानं करून प्रत्येकाला गुण द्यायची पद्धत बसवली गेली. शेवटी उरलेल्या मुख्य गुणांत चारित्र्य, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, स्पर्धावृत्ती आणि ताकद यांच्या बरोबरीने मानसिक तरतरी हाही एक रकाना होता. या धंद्यातला पहिला मोठा संगणक समज वगळून चालत नव्हता. ती मागे पडली नंतर. १९८२ मध्ये खेळाडूंना एका जागी बोलावून तपासण्याचं शिबिर सुरू झालं, १९८७ पासून ते इंडियानापोलिसला भरतं, लोक त्याला कम्बाइन म्हणतात. तिथे ४० यार्ड, उंच उडी, लांब उडी, शंकूंभोवतीची धाव, १०२ किलोंचा भार छातीवरून किती वेळा उचलला, सगळं दशांशात मिळतं. समजेसाठी बरीच वर्षं होती ती १२ मिनिटांत ५० प्रश्नांची लेखी परीक्षा. तिचा मैदानातल्या नजरेशी संबंध किती, हे परीक्षा पाहिलेला कुणीही सांगेल.

एव्हर्सन वॉल्सचं उदाहरण मला याच वळणावर सर्वांत बोलकं वाटतं. डॅलस परिसरातच वाढलेला हा कॉर्नरबॅक ग्रॅम्बलिंग कॉलेजकडून खेळताना शेवटच्या वर्षी देशात सर्वाधिक, ११, इंटरसेप्शन करून बसला होता. पण ४० यार्डांना त्याला ४.७ सेकंदांच्या आसपास लागत. कॉर्नरबॅकसाठी हा आकडा लाजिरवाणा. १९८१च्या ड्राफ्टमध्ये १२ फेऱ्या झाल्या आणि त्याचं नाव कुणी घेतलं नाही. काउबॉइजने त्याला फुकटात उचललं, आणि पहिल्याच मोसमात पुन्हा ११ इंटरसेप्शन, अख्ख्या लीगमध्ये पहिला. १९८२ आणि १९८५ लाही तोच पहिला. साधं गणित करून पाहा. ४.५ सेकंदांत पळणारा आणि ४.७ सेकंदांत पळणारा यांच्यात चाळीस यार्डांच्या शेवटी पडतं ते अंतर पावणेदोन यार्डांच्या आतबाहेर, आणि तेही सरळ रेषेत, कुणी धक्का देत नसताना. सामन्यात कॉर्नरबॅक चाळीस यार्ड सरळ पळतो किती वेळा? बहुतेक वेळा पहिल्या आठ-दहा यार्डांत निकाल लागतो, तिथे हा फरक अर्ध्या पावलाचा. पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा खांदा कुठे वळला हे जो डोळ्याच्या पापणीइतकं आधी ओळखतो, त्याने ते अर्धं पाऊल धाव सुरू होण्याआधीच फेडलेलं असतं. त्या पहिल्या मोसमाच्या अखेरीस, जानेवारी १९८२ मध्ये, समोरच्या संघाच्या ड्वाइट क्लार्कने वॉल्सच्या डोक्यावरून एक प्रसिद्ध झेल घेतला आणि डॅलस हरलं, हेही इथेच नोंदवायला हवं. समज चेंडूपर्यंत नेते. चेंडू हाताच्या वर असेल तर ती बोटं लांबवत नाही.

ही समज उपजत असते, हा मात्र भ्रम. १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८–२४ ने पुढे होते, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला होता, आणि सिअ‍ॅटलचा चेंडू रेषेपासून एका यार्डावर. उजवीकडे सिअ‍ॅटलचे दोन गडी एकामागे एक उभे राहिले. पुढचा जर्मेन कर्स, मागचा रिकार्डो लॉकेट. त्यांच्यासमोर ब्रँडन ब्राउनर आणि त्याच्या मागे माल्कम बटलर. चौघेही अनड्राफ्टेड, हा योगायोग कुणी कादंबरीत लिहिला असता तर संपादकाने खोडला असता. ब्राउनरने कर्सला जागीच रोखलं, लॉकेट आत वळला, आणि बटलर लॉकेटच्या आधी चेंडूपाशी पोचला. लॉकेट तर दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांमध्ये २०० मीटरचा राष्ट्रीय विजेता होता. त्या मैदानात शुद्ध वेगात त्याच्या पुढे जाणारे थोडे, बटलर नक्कीच नाही. पण त्या आठवड्याच्या सरावात राखीव क्वार्टरबॅकने हाच डाव बटलरवर टाकला होता. बटलर तेव्हा उशिरा पोचला, चेंडू पार झाला, आणि प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला त्यावरून टोकलं. सामन्यात ती मांडणी दिसताच पाय आपोआप निघाले. बघणाऱ्यांनी त्याला अंतःप्रेरणा म्हटलं. ती त्याच आठवड्यात आधी केलेली चूक होती, नीट लक्षात ठेवलेली.

यावर स्काउट एक रास्त आक्षेप घेतील. तुम्ही जगलेल्यांची नावं घेताय. ‘समज चांगली’ असा शेरा मिळालेली आणि पहिल्याच शिबिरातून घरी गेलेली हजारो संथ पोरं कुठे आहेत? आक्षेप खरा आहे, आणि त्याने माझ्या म्हणण्याला सीमा पडते. एका किमान वेगाखाली समजेचा काही उपयोग नाही. खेळ समजूनही तिथवर न पोचणारा माणूस प्रेक्षकच. पण हा किमान उंबरठा आणि ड्राफ्टमधलं प्रत्येक दशांशाचं वेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंबरठा ओलांडल्यावर पुढचा दशांश महाग विकला जातो, आणि तो असलेला पोरगा शेवटच्या फेरीनंतर बहुधा उरतच नाही. प्रसिद्ध अनड्राफ्टेड बचावपटू पाहा: एम्लेन टनेल, लेन, विली वुड, विली ब्राउन, डॉनी शेल, क्लिफ हॅरिस. सगळे हॉल ऑफ फेममध्ये, आणि सगळे त्या मागच्या ओळीतले, जिथून पूर्ण खेळ समोर दिसतो आणि तो वाचणं हेच काम असतं. वाचन न दिसणाऱ्या जागांवरून अशी रांग निघत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. अँटोनियो गेट्स कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता, तो केंट स्टेटचा बास्केटबॉलपटू. सॅन दिएगो चार्जर्सने २००३ मध्ये त्याला घेतलं ते अंगकाठी आणि चपळाई पाहून. त्याने ११६ टचडाउन केले आणि २०२५ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. जेसन पीटर्स २००४ मध्ये अनड्राफ्टेड राहिला, त्याची जागा बदलली आणि तो आपल्या पिढीतला उत्तम टॅकल झाला. म्हणजे शरीर घ्या, बाकीचं शिकवता येतं? पीटर्सबाबत बरंचसं खरं. त्याला शिकवायला संघाने वर्षं दिली, आणि ती चैन शंभरातल्या दोघांच्या वाट्याला येते. गेट्सबाबत मी तेवढा राजी नाही. रिबाउंडसाठी समोरच्याला पाठीवर घेऊन चेंडू कुठे उतरणार याचा अंदाज बांधणं तो वर्षानुवर्षं करत आला होता. फक्त ती वही दुसऱ्या खेळात भरलेली होती, म्हणून फुटबॉलच्या स्काउटांना कोरी दिसली.

सर्वांत जड आक्षेप मात्र इतिहासाचाच आहे. समज ही गोष्ट बघणाऱ्याच्या मतावर चालते आणि मतात पूर्वग्रह शिरतो. घड्याळाला कातडीचा रंग दिसत नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये कित्येक दशकं ‘विचार करण्याच्या’ म्हणून समजल्या जाणाऱ्या जागा, क्वार्टरबॅक, सेंटर, मधला लाइनबॅकर, गोऱ्यांसाठी राखल्यासारख्या होत्या, आणि काळ्या खेळाडूंना ‘ॲथलीट’ म्हणून कडेला हलवलं जाई. वॉरन मून १९७८ च्या रोझ बोल या कॉलेज सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी क्वार्टरबॅकची जागा सोडायला तयार नसल्याने ड्राफ्टमध्ये राहून गेला. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि सलग पाच ग्रे कप जिंकला. इन्स्टिंक्ट हा शब्द अशा बाजारात निरागस नव्हता, आणि ग्रॅम्बलिंगसारख्या काळ्यांच्या कॉलेजांतल्या पोरांना घड्याळाने आधारही दिला, हे मान्यच करावं लागेल. पण वॉल्स त्याच ग्रॅम्बलिंगचा होता, आणि त्याला घड्याळानेच बाहेर ठेवलं. म्हणून न मोजता येणाऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवणं हा उपाय होऊ शकत नाही. ती बघायला कोण बसलंय आणि किती वेळ बसलंय, हे बदलावं लागतं. विली वुड सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा काळा क्वार्टरबॅक होता. १९६० मध्ये त्याला कुणी ड्राफ्ट केलं नाही, म्हणून संघांना पत्रं गेली आणि ग्रीन बेच्या विन्स लोम्बार्डींनी चाचणीला बोलावलं. तिथे तो लवकरच बचावात, सेफ्टीच्या जागी गेला. १५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजेलिसमध्ये पहिला सुपर बोल झाला तेव्हा मध्यंतराला ग्रीन बे १४–१० असं जेमतेम पुढे होतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक लेन डॉसन याच्यावर दाब आला, त्याचा पास डळमळीत सुटला, आणि वुड मधे घुसून तो घेऊन ५० यार्ड पळाला. पाच यार्डांवर त्याला पाडलं. पुढच्याच डावात टचडाउन झाला, आणि शेवटी फलकावर ३५–१० लागलं.