२ जुलैची सही

२ जुलै १९८७ रोजी बार्कलेज बँकेच्या बर्नहॅम शाखेत एक बाई नवऱ्याबरोबर आली आणि कारकुनाने पुढे ठेवलेल्या दोन कागदांवर सह्या करून गेली. एकही कागद तिने वाचला नाही. साक्षीदार म्हणून कारकुनानेच सही केली. पहिला कागद राहत्या घराचं गहाणखत, दुसरा त्यासोबतचं पत्र. घर दोघांच्या नावावर होतं. कर्ज मात्र हीथ्रो फॅब्रिकेशन्स या कंपनीचं. त्यात हितसंबंध नवऱ्याचा होता, आणि तोच जामीन राहिला होता.

बार्कलेज बँक विरुद्ध ओब्रायन या खटल्याच्या निकालपत्रात ते पत्र उतरवून घेतलेलं आहे. जामीनपत्राची प्रत आम्हा दोघांना मिळाली, असं त्याचं पहिलं कलम. सहीआधी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्या असं बँकेने सुचवलं, असं शेवटचं. प्रत्यक्षात तिला प्रत मिळाली नव्हती आणि सल्ल्याचा विषयही कोणी काढला नव्हता. शिवाय पत्रात जामीनपत्राची तारीख ३ जुलै अशी आहे. म्हणजे २ तारखेला सही करणारी बाई दुसऱ्या दिवसाच्या दस्ताची पोच देते आहे! दस्तावर तारीख मागाहून पडते, तेव्हा यात लबाडी शोधायला नको. पण त्या दिवशी त्या टेबलाशी काय घडलं याचा पुरावा म्हणून या पत्राला किंमत उरत नाही.

खरी किंमत आहे ती बँकेच्याच वुलिच शाखेने बर्नहॅमला पाठवलेल्या सूचनांना. कंपनीला सध्या १,०७,००० पौंडांची कर्जसुविधा आहे, ती १,३५,००० होणार आहे, हे दोघांना सांगा. कागद कशाचे आहेत ते त्यांना नीट कळू द्या. शंका असेल तर आधी वकिलाकडे जा म्हणावं. काय सांगायला हवं हे बँकेला पुरतं ठाऊक होतं, हे याहून स्पष्ट कसं दिसणार? बर्नहॅमने यातलं काहीच केलं नाही. इकडे नवऱ्याने बायकोला सांगितलं होतं की बोजा ६०,००० पौंडांपुरता, आणि तोही तीन आठवड्यांसाठी. १,३५,००० हा एक आकडा कोणी तिच्यासमोर उच्चारला असता, तर ही थाप तिथेच उघडी पडली असती.

ऑक्टोबरपर्यंत देणं १,५४,००० च्या वर गेलं आणि बँकेने घराच्या ताब्यासाठी दावा लावला. खालच्या कोर्टात बँक जिंकली. अपील कोर्टाने गहाण ६०,००० पुरतंच धरलं. मग बँकच हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेली आणि २१ ऑक्टोबर १९९३ रोजी हरली. लॉर्ड ब्राऊन-विल्किन्सन यांचं म्हणणं असं: नवऱ्याच्या कर्जासाठी बायको घर तारण देते, व्यवहारात तिचा वरकरणी काहीच फायदा नाही, आणि नवऱ्याने तिला फसवलं वा दबाव आणला असण्याचा धोका मोठा आहे. अशा वेळी बँकेने सावध व्हायला हवं. तिला एकटीला भेटून जोखीम समजावली नाही, तर नवऱ्याची थाप बँकेला ठाऊक होती असंच कायदा मानेल. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनाही त्यांनी हाच नियम लावला.

बायको आहे म्हणून सही रद्द, असा मात्र हा निकाल नव्हे. त्याच दिवशी पिट खटल्यात बायको हरली. तिथे नवऱ्याचा दबाव सिद्ध झाला होता. पण कर्ज दोघांच्या नावाने होतं आणि कागदोपत्री सुट्टीचं घर घेण्यासाठी. नवऱ्याने त्या पैशाचे शेअर घेतले, हे सावकाराला कागदांवरून कळण्याजोगं नव्हतं.

२००१ साली एट्रिज खटल्यात लॉर्ड निकोल्स यांनी पद्धतच घालून दिली: वकिलाने बायकोला समोरासमोर भेटायचं, कर्जाची रक्कम आणि घर जाण्याची शक्यता साध्या भाषेत सांगायची, आणि तसं केल्याचं बँकेला लेखी कळवायचं. ही भेट होईल तेव्हा नवरा हजर नसावा.