पेरणीआधीचे प्रश्न

कोणाची कोणाशी तुलना करायची हे आकडे हाती येण्याआधीच ठरवून ठेवायचे, याला संख्याशास्त्रात नियोजित तुलना म्हणतात. पाठ्यपुस्तकांत ती गणिताची बाब म्हणून येते. तिचे मूळ मात्र शेतीच्या अडचणीत आहे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये गव्हाच्या एकाच शेतातल्या पट्ट्यांना निरनिराळी खते द्यायला सुरुवात केली. लॉज स्वतः सुपरफॉस्फेटचे कारखानदार, तेव्हा कोणते खत किती लागू पडते याची त्यांना उत्सुकता असणारच. पण बहुतेक खतांच्या वाट्याला एकेकच पट्टा आला होता. त्यामुळे उत्पन्नातला फरक खतामुळे पडला की जमिनीमुळे, हे सांगता येईना. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये तिथे रुजू झाले ते या साठलेल्या आकड्यांतून काही निष्पन्न होते का हे पाहण्यासाठी. १९२६ मध्ये त्यांनी मांडलेला उपाय मात्र पेरणीआधीचा होता: प्रत्येक खत अनेक वाफ्यांना द्यायचे आणि कोणत्या वाफ्याला कोणते, हे दैवगतीवर सोडायचे.

एका वेळी एकच प्रश्न विचारावा, हा तेव्हाचा संकेतही त्यांनी झुगारला. काही वाफे बिनखताचे, काही नत्राचे, काही स्फुरदाचे, काही दोन्हींचे ठेवले, तर एकाच हंगामात तीन स्वतंत्र उत्तरे मिळतात: नत्राने काय झाले, स्फुरदाने काय झाले, आणि एकाचा गुण दुसऱ्याच्या सोबतीने बदलतो का. चार प्रकारांतून तीनच, चौथे नाही. पीक वर्षातून एकदा येते, म्हणून हे तीन प्रश्न नेमके निवडणे भाग होते.

यावर आक्षेप असा की, मग अनपेक्षित दिसेल त्याकडे डोळेझाक करायची का? फिशर यांनी तशी बंदी घातली नाही, किंमत लावली. दहा वाणांतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट वाण मागाहून निवडला, तर ती पंचेचाळीस जोड्यांतून वेचलेली जोडी असते; म्हणून नेहमीच्या विसातून एक नव्हे, नऊशेतून एक इतक्या दुर्मीळ योगायोगाची कसोटी लावावी, असे त्यांनी १९३५ च्या ग्रंथात सुचवले. पुढे १९५३ मध्ये हेन्री शेफे यांनी मागाहून सुचलेल्या कोणत्याही तुलनेला चालेल अशी पद्धत दिली; तीही महागच, कारण तिच्यात फरक बराच मोठा असल्याशिवाय मान्य होत नाही. मला हा हिशेब न्याय्य वाटतो. आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पुस्तकाने कृषिसंशोधकांच्या पिढ्यांना प्रयोगांची हीच आखणी शिकवली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: प्रश्न आधी ठरला होता याला साक्षीदार कोण? शेतात वाफ्यांचा नकाशाच साक्ष देई. पीक उभे राहिल्यावर खत बदलता येत नसे. संगणकावर शेकडो तुलना क्षणात होऊ लागल्या आणि ही साक्ष गेली. तिची जागा नोंदणीने घेतली: वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून पहिला रुग्ण दाखल होण्याआधी चाचणीची जाहीर नोंदणी सक्तीची केली. त्या नोंदीत मुख्य निकष कोणता, हेही लिहावे लागते.