ताटी, वाळा आणि वातानुकूलन

गारव्याचा इतिहास यंत्राच्या शोधापासून सांगण्याचा प्रघात आहे. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या गावी त्याचे एक निराळे साधन उपलब्ध आहे. ते म्हणजे बोलीतील शब्द. कूलरच्या बाजूंस बसविलेल्या तंतुमय जाळीस विदर्भात ‘ताटी’ म्हणतात. मुक्ताबाईंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘ताटीच्या अभंगां’त ताटी म्हणजे कुटीचे दार होय. दारापासून यंत्रापर्यंतचा हा अर्थप्रवास मधल्या एका अवस्थेमुळे उलगडतो. ती अवस्था म्हणजे दारा-खिडक्यांत टांगून पाण्याने भिजविलेली वाळ्याची ताटी.

वाळ्यासच संस्कृतात ‘उशीर’ म्हणतात. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात त्याचा लेप तापनिवारणार्थ येतो. ‘खस’ हा शब्द फारसीतून आला. भाषेचे थर बदलले, तरी तत्त्व एकच राहिले: एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते.

यंत्राची वाट निराळी होती. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी रचना केली, ती कागदास बाधणारी आर्द्रता आवरण्याकरिता. पुढे आलेली क्लोरोफ्लुरोकार्बन द्रव्ये ओझोनला घातक असल्याचे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्यांची जागा घेणाऱ्या हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोन वाचविला, पण पृथ्वीची उष्णता वाढविली. म्हणून २०१६ साली किगाली येथे कराराची दुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्रातील गोदरेज कंपनीने २०१२ मध्येच प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे बाजारात आणली. प्रोपेनचा तापवर्धक प्रभाव अत्यल्प आहे. मात्र तो ज्वलनशील असल्याने यंत्रात बेताच्याच प्रमाणात भरावा लागतो.

यावरून ताटीचा गौरव करून थांबणे मात्र युक्त नव्हे. कोरड्या वैशाखात ती उपकारक, दमट श्रावणात निरुपयोगी. शिवाय विहिरी आटतात त्याच महिन्यांत तिला पाणी हवे असते. तथापि तिच्यात एक क्रम गृहीत होता: प्रथम ऊन अडवावे, मग हवा गार करावी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतलीकरण कृति-आराखड्यातही २०३७-३८ पर्यंत शीतलीकरणाची मागणीच २० ते २५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट आहे. सौम्य वायू शोधणे हे रसायनशास्त्राचे कार्य खरे. परंतु उन्हाच्या भिंतीमागे तो वायू किती लागावा, हे घर बांधतानाच ठरते. वातानुकूलनाच्या इतिहासात ताटीस स्थान द्यावयाचे ते याकरिता.