एकही वर्ल्ड कप न खेळलेला जपानचा 'किंग': कोण आहे काझुयोशी मिउरा?

जपानचे लोकप्रिय फुटबॉलपटू म्हटलं की हिदेतोशी नाकाता, शिन्जी कागावा, सध्याचा काओरू मितोमा ही नावं पटकन आठवतात. काझुयोशी मिउराचं गणित मात्र वेगळं आहे. देशासाठी ८९ सामन्यांत ५५ गोल करूनही तो एकही वर्ल्ड कप खेळलेला नाही. तरीही जपानी चाहत्यांसाठी 'किंग काझू' तोच.

१९६७ मध्ये शिझुओकात जन्मलेला मिउरा १५ व्या वर्षी एकटाच ब्राझीलला गेला. १९८६ मध्ये त्याने थेट पेलेंच्या सँटोस क्लबचा करार मिळवला. १९९३ मध्ये जे-लीग सुरू झाली आणि पहिल्याच मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला मिउरा. तेही बेसबॉलवेड्या देशात! गोलनंतरचा त्याचा 'काझू डान्स' तर घराघरांत पोहोचला.

१९९८ च्या वर्ल्ड कपसाठी जपान प्रथमच पात्र ठरला. पण प्रशिक्षक ताकेशी ओकादा यांनी स्पर्धेच्या तोंडावर ३१ वर्षांच्या मिउराला वगळलं. ही जखम चाहते आजही विसरलेले नाहीत आणि त्याच्यावरच्या प्रेमाचं मोठं कारणही तेच असावं.

कारण यानंतरही तो खेळतच राहिला. १२ मार्च २०१७ रोजी योकोहामा एफसीकडून गोल केला, तेव्हा त्याचं वय होतं ५० वर्षं १४ दिवस. इंग्लंडच्या स्टॅनली मॅथ्यूज यांचा विक्रम मोडला.

त्याची जर्सी ११ क्रमांकाची. म्हणूनच त्या वर्षीचा करार क्लबने जाहीर केला ११ जानेवारीला, बरोबर ११ वाजून ११ मिनिटांनी.