प्रतिकृति कीं यंत्रमानव?

संगमेश्वरास शास्त्री आणि सोनवी ह्या नद्या मिळतात, तेथून फार दूर नसलेल्या एका घराच्या पडवींत पायानें चालवावयाचें एक लहानसें लेथ-यंत्र पडून आहे. आमच्या मावसबहिणीच्या यजमानांनीं तें मुंबईस नोकरींत असतां जुन्या बाजारांत घेतलें, आणि निवृत्त झाल्यावर बिऱ्हाडाबरोबर गांवीं आणलें. त्यावर त्यांनीं वाफेचें एक वीतभर इंजिन कांतावयास घेतलें होतें. सिलिंडर झाला, चाकें झालीं. बॉयलर अपुरा राहिला, आणि ते वारले.

गेल्या गणेशचतुर्थीस आम्ही तेथें गेलों तेव्हां ह्या लेथवरून घरांत वाद चालू होता. नातू अकरावींत आहे आणि त्यास यंत्रमानव बनविण्याचा नाद लागला आहे. लेथ भंगारांत घालावें व त्या पैशांत लहान मोटारी आणि संगणकाचा एक फलक घ्यावा, असें त्याचें म्हणणें. आजीचा त्यास रुकार नाहीं. "भाऊ, तूं इतिहास शिकवतोस, तूंच काय तें सांग," असें म्हणून तिनें निवाडा आमच्यावर टाकला.

आमचा कल अर्थातच आजीकडे होता. जुन्या वस्तूंविषयीं पक्षपात हा आमच्या धंद्याचाच दोष आहे. परंतु ज्या इतिहासाचा आधार घेऊन आम्ही नातवास चार शब्द सांगावयास निघालों, तोच इतिहास विचार करतां करतां आमच्यावर उलटला.

यंत्रांच्या प्रतिकृति करणें हा गतकालांत रमणाऱ्या वृद्धांचा छंद, अशी आज समजूत आहे. ती मुळाशीं खरी नाहीं. १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यानें लंडनांत ह्या छंदाचें पत्र काढलें, त्याचें नांव 'मॉडेल इंजिनिअर अँड अमॅच्युअर इलेक्ट्रिशियन'. त्याच सालीं तेथें ह्या छंदिष्टांची संस्थाही निघाली. पत्राच्या नांवाचा उत्तरार्ध वाचकांनीं लक्षांत घ्यावा. त्या दिवसांत वीज ही नवलाची वस्तु होती. बहुतेक घरांत ती पोंचलीही नव्हती. म्हणजे त्या पिढीच्या छंदिष्टास डायनामो जसा, तसा आमच्या ह्या नातवास यंत्रमानव. पुढें काळ सरला, वाफ मागें पडली, आणि नव्याच्या पाठीं लागलेले हे लोक न कळत जुन्याचे राखणदार झाले.

आमच्या मुंबईचें उदाहरण घ्या. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचें नांव टाइप पाडण्याच्या यंत्रामुळें झालें. दादाभाई नौरोजींनीं त्यांस त्या कामीं साहाय्य केलें हेंही प्रसिद्ध आहे. पण विलायतेस जाण्यापूर्वीं हा गृहस्थ मुंबईंत मित्रमंडळी जमवून विज्ञानाचें एक मंडळ चालवीत होता, आणि पुढचें स्टेशन कोणतें हें उतारूंस दाखविणारें यंत्र जुळवीत होता. ह्यास प्रतिकृति म्हणावें कीं स्वयंचलित यंत्र? भिश्यांस तो प्रश्न पडला नसावा.

शिवाय वाफेच्या इंजिनाचा वारसा संगमेश्वरास कितपत लागू आहे? बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजीं. कोंकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजीं. मध्यें जवळजवळ १४५ वर्षें गेलीं, आणि रेल्वे आली ती डिझेलचें इंजिन घेऊन. येथल्या माणसास वाफ ठाऊक होती ती किनाऱ्यावरच्या आगबोटीची. ज्या इंजिनाचें आजोबांस वेड होतें तें मुंबईच्या फलाटावरचें. नातवानें तें स्वप्नांतही पाहिलेलें नाहीं.

येथवर येतांच नातवाचा पक्ष जड होऊं लागला. तथापि त्याच्या छंदाचें कुळही पाहणें प्राप्त होतें. 'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर गेला, आणि त्याच्या मुळाशीं वेठबिगारीचा अर्थ आहे. पण नाटकांतला यंत्रमानव निराळा आणि हातानें घडविलेला निराळा. ब्रिस्टल येथें ग्रे वॉल्टर या मेंदूच्या अभ्यासकानें १९४८–४९ च्या सुमारास दोन यांत्रिक कांसवें केलीं. तीं उजेडाच्या रोखानें सरकत, अडथळा लागला कीं वळून वाट काढीत. प्रत्येकाच्या पोटांत अवघ्या दोन रेडिओच्या नळ्या होत्या, आणि दांतेरी चाकें होतीं जुन्या घड्याळांचीं व गॅसच्या मीटरांचीं! आजोबांनीं जुन्या बाजारांत जें धुंडाळलें असतें तेंच हें सामान. इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं 'आर्डुइनो' नांवाचा फलक निघाला व मेंदूचें काम स्वस्त झालें. हातपाय मात्र अद्याप कोणासतरी घडवावे लागतात.

पुण्यास कोथरुडांत भाऊ जोशी यांचें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं उघडलें. तेथें गाड्या प्रतिकृतीच्या आहेत, पण त्यांची ये-जा राखण्यांत माणसाच्या हाताबरोबर संगणकाचाही वांटा आहे. त्याच पुण्यांत २००८ व २०१४ सालीं आशिया-पॅसिफिक देशांच्या विद्यार्थ्यांची रोबोंची स्पर्धा झाली. मूषकास मान हलवावयास लावणारा आपल्याकडील गणपतीचा हलता देखावा ह्या दोहोंपैकीं कोणत्या घरचा, हें सांगणें कठीणच.

एक भेद मात्र आम्हांस खरा वाटतो. कांततांना पितळ सुताएवढें अधिक गेलें तर तें परत येत नाहीं. संगणकास दिलेल्या आज्ञेंतील चूक पुसून दहा वेळां लिहितां येते. पहिलें हातास शिकवितें, दुसरें धीट करतें. सोळा वर्षांच्या मुलास कोणतें अधिक लागतें, यावर आमचा व आजीचा अद्याप एकमत नाहीं.

निवाडा आम्हीं असा दिला कीं यंत्रमानव करावा, पण लेथ विकूं नये. भंगारवाला तें वजनावर घेणार, आणि त्या पैशांत दोन मोटारीही येणार नाहींत. फलकाचे पैसे आम्ही दिले. नातू थोडा हिरमुसला. गेल्या महिन्यांत त्याचा फोन आला: मोटारीच्या दांड्यावर बसेल असा चाकाचा तुंबा बाजारांत मिळेना, म्हणून त्यानें लेथला तेल घालून तो स्वतःच कांतावयास घेतला. तीन फुकट गेले. चौथ्याचें भोंक किंचित् मोठें झालें आहे, त्यांत कागदाची पट्टी घालून सध्यां काम चाललें आहे.