एक नंबरचा सिलिंडर कुठला?

परवा मित्राच्या डिझेल गाडीला स्कॅनर लावला तर कोड आला: एक नंबरच्या इंजेक्टरमध्ये बिघाड. गॅरेजवाल्याने टायमिंग बेल्टच्या बाजूचा इंजेक्टर बदलला, बारा हजार घेतले, आणि कोड तसाच! इंजिन फ्रेंच. रेनॉ, प्यूजो ही मंडळी सहसा फ्लायव्हीलकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूने मोजतात. बदलला तो चार नंबर होता.

मग अख्खा वीकएंड मी याच्याच मागे लागलो.

सगळ्यात भारी किस्सा अमेरिकेतला. फोर्डने 1932 साली व्ही-8 आणलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघितलं तर उजव्या रांगेत पुढून मागे 1 ते 4, डाव्या रांगेत 5 ते 8. सरळ हिशोब. शेव्हरोलेने 1955 च्या व्ही-8 मध्ये डावीकडे 1-3-5-7 आणि उजवीकडे 2-4-6-8 असे नंबर दिले. हेही वेड्यासारखं नाही. समोरासमोरचे दोन पिस्टन क्रँकच्या एकाच पिनवर असतात आणि या इंजिनात डावी रांग किंचित पुढे आहे. म्हणजे क्रँकवरून पुढून मागे गेलं की नंबर ओळीने लागतात.

आता फायरिंग ऑर्डर बघा. शेव्हरोले: 1-8-4-3-6-5-7-2. साठच्या दशकातलं फोर्डचं 289 क्युबिक इंची इंजिन: 1-5-4-2-6-3-7-8. काही साम्य दिसतंय? मलाही दिसलं नाही. शेवटी कागदावर आठ गोल काढले आणि शेव्हरोलेच्या प्रत्येक आकड्याजागी फोर्डचा आकडा लिहिला. आलं 5-4-2-6-3-7-8-1. अरे, हे तर तेच चक्र! दोन कट्टर स्पर्धक, ठिणगी मात्र त्याच वाटेने फिरतेय. (बाइट्स कुठल्या टोकाकडून मोजायचे यावर आमच्या धंद्यातही अशीच भांडणं झाली आहेत. असो.)

आपल्याकडे तर हा घोळ एकाच गाडीत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या डिझेल मारुती एस्टीममध्ये प्यूजोचं 1.5 लिटरचं इंजिन होतं. पेट्रोल एस्टीमचं सुझुकी इंजिन बेल्टकडून मोजायचं, हे गिअरबॉक्सकडून. आणि दोन्हींची फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. ती उलट्या टोकाकडून मोजा, 4-2-1-3 येतं, म्हणजे पुन्हा 1-3-4-2 च! त्यामुळे नुसती ऑर्डर बघून मेकॅनिकला काही कळणं शक्यच नाही.

काल मित्राच्या गाडीचं गिअरबॉक्सकडचं टोक तपासलं. इंजेक्टर ठणठणीत होता, त्याचा कनेक्टर तेवढा सैल झाला होता.